त्या खुर्चीवर कोण बसणार?

माझी भाची ओरेगॉनमध्ये हिल्सबरोला राहते. बारा-तेरा वर्षं कॉम्प्युटर चिपच्या धंद्यात काढल्यावर तिने आता नोकरी सोडायचं ठरवलंय आणि सायलोसायबिन फॅसिलिटेटर होण्याचा कोर्स सुरू केलाय. सायलोसायबिन हे काही विशिष्ट जातींच्या अळंब्यांमधलं द्रव्य. ते घेतलं की चार-सहा तास माणसाच्या मनाची नेहमीची घडी मोडते. ओरेगॉनच्या मतदारांनी नोव्हेंबर २०२० मध्ये ‘मेझर १०९’ मंजूर केलं आणि २०२३ पासून तिथल्या परवानाधारक केंद्रांत, परवानाधारक माणसाच्या, म्हणजे फॅसिलिटेटरच्या, देखरेखीखाली ते कायद्याने घेता येतं.

हा परवाना मिळवायला २१ वर्षं पूर्ण हवीत, शाळा संपल्याचा दाखला हवा, १२० तासांचा अभ्यासक्रम, ४० तासांचं प्रात्यक्षिक आणि एक परीक्षा. मानसशास्त्राची पदवी लागत नाही, नर्सिंगचीही नाही. त्याच राज्यात मालिश करण्याचा परवाना हवा असेल तर ६२५ तासांचं शिक्षण घ्यावं लागतं.

मी फोनवर काळजी बोलून दाखवली, तेव्हा भाचीने मला लांबलचक पत्र लिहिलं. त्याचा सारांश असा: तुम्ही पदवीवाल्यांनी माणसाच्या दुःखावर मक्ता घेऊन ठेवलाय. अळंबी स्वतःच काम करते, शेजारच्याने फक्त प्रेमाने बसायचं असतं. मारिया सबीनाकडे कुठलं सर्टिफिकेट होतं? आणि अत्याचार काय, डॉक्टरांनीही केलेत. हे म्हणणं तिच्या एकटीचं नाही. पुण्यात, मुंबईत, गोव्याच्या रिट्रीटवरून परतलेल्या तरुण मुलामुलींच्या तोंडून मी ते शब्दशः ऐकते. म्हणून तिला विचारून हे उत्तर जाहीरपणे देतेय. मी सव्वीस वर्षं क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करतेय आणि मला तिचं म्हणणं मुळातूनच चुकीचं वाटतं.

‘शेजारच्याने फक्त बसायचं असतं’ हे वाक्य सगळ्यात घातक आहे, म्हणून आधी त्याच्याबद्दल.

आपल्याकडे सायलोसायबिन आणि उपचारांसाठी तपासलं जाणारं दुसरं द्रव्य, एमडीएमए, दोन्ही १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याखाली बंद आहेत. पण केटामिन आहे. भूल देण्यासाठी ते आपल्या लहानमोठ्या रुग्णालयांत कित्येक वर्षं वापरात आहे आणि आता औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्यासाठी काही मनोविकारतज्ज्ञ ते कमी मात्रेत, साधारण चाळीस मिनिटांत, शिरेतून देतात. अशा एका उपचारात मी काही वर्षं रुग्णाशेजारी बसत होते. भूलतज्ज्ञ उशाशी, मनोविकारतज्ज्ञ दाराजवळ, दंडावर रक्तदाबाचा पट्टा, डोळ्यांवर पट्टी, आणि मी डाव्या हाताला स्टुलावर.

एक गृहस्थ होते, पन्नाशीचे, बँकेत कारकून. ओळख पटू नये म्हणून बाकी तपशील बदलतेय. तिसऱ्या वेळी पंधरा-वीस मिनिटं झाल्यावर त्यांनी माझं मनगट धरलं आणि धाकट्या भावाबद्दल बोलायला लागले. तो लहानपणी विहिरीत बुडून गेला होता. आवाज आठ वर्षांच्या मुलासारखा झाला होता. मी विचारलं, “तुम्ही तिथे होतात का?”

एवढंच. एरवीच्या सेशनमध्ये हा प्रश्न अगदी साधा आहे, कुणीही विचारेल. पण त्या चाळीस मिनिटांत माणूस एरवीसारखा नसतो. कुणी सुचवलेली गोष्ट तो तपासत नाही, सरळ आत घेतो. ते गप्प झाले आणि मग म्हणाले, “होतो.” दोन दिवसांनी त्यांची खात्री झाली होती की भावाला आपणच ढकललं. खरं म्हणजे तेव्हा ते मामाकडे होते, दुसऱ्या गावात. आई जिवंत होती, तिने सांगितलं, मामांनी सांगितलं. तरी तो समज उतरवायला आम्हाला पाच महिने लागले, आणि त्यातले काही आठवडे त्यांना रात्री एकटं ठेवायची सोय नव्हती.

ती चूक माझी होती. तेव्हा माझ्यामागे दोन वर्षांचं एम.फिल.चं प्रशिक्षण होतं, त्यानंतरची अकरा वर्षांची प्रॅक्टिस होती, आणि दर पंधरवड्याला माझं काम तपासणारी एक ज्येष्ठ सहकारी होती. चूक तिनेच पकडली, माझी टिपणं वाचताना. टिपण ठेवायची सवय नसती आणि ते वाचणारं कुणी नसतं, तर तो प्रश्न कुणालाच दिसला नसता. त्या गृहस्थांनी उरलेलं आयुष्य स्वतःला खुनी समजून काढलं असतं आणि मी त्याला ‘दडलेली आठवण वर आली’ म्हटलं असतं. एवढ्या वर्षांच्या कामानंतर माझ्या हातून हे झालं, म्हणून १२० तास पुरेसे आहेत हे मला कुणी पटवू शकत नाही. बोलायचं काय हे १२० तासांत सांगता येईल. गप्प कधी राहायचं, ते त्या तासांत बसत नाही.

या अवस्थेतल्या माणसाचं मन किती उघडं असतं हे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने वेगळ्या संदर्भात ओळखलंय. २०१० च्या सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या निकालात न्यायालयाने संमतीशिवाय नार्को चाचणी करणं घटनाबाह्य ठरवलं. औषधाच्या अमलाखाली माणसाला स्वतःच्या बोलण्यावर ताबा ठेवता येत नाही, हा त्यातला गाभा. पोलिसांच्या खोलीत हे आपल्याला पटतं. मग उपचाराच्या खोलीत, मंद दिवा आणि संगीत लावलं म्हणून, ते खोटं कसं ठरेल?

आता मारिया सबीना. मेक्सिकोतल्या वाहाका राज्यात, वाउत्ला दे हिमेनेस या डोंगरातल्या गावात राहणारी ही माझातेक जमातीची बाई रात्रभर गाऊन अळंबीचा विधी करायची. १९५५ मध्ये गॉर्डन वॅसन हा न्यूयॉर्कचा बँकर तिच्या विधीला बसला आणि १९५७ मध्ये ‘लाइफ’ मासिकात त्याने त्यावर लेख लिहिला. तिच्याकडे प्रमाणपत्र नव्हतं, हे खरं. पण भाची जे विसरते ते असं की तिच्याकडे गाव होतं. तिच्याकडे येणारा माणूस कुणाचा कोण, त्याच्या घरात काय चाललंय, हे तिला ठाऊक असायचं. विधीच्या आधी आणि नंतर पाळायचे दिवस ठरलेले होते, त्यात शरीरसंबंध वर्ज्य होता. तिच्या हातून वाईट घडलं असतं तर दुसऱ्या दिवशी त्याच वाटेने, त्याच माणसांसमोरून तिला जावं लागलं असतं. आणि तो लेख आल्यावर परक्यांची रीघ लागली, पोलीस आले, गाव तिच्यावर उलटलं, तिचं घर जाळलं गेलं. ती १९८५ मध्ये गेली. माझातेकांच्या परंपरेतून फक्त अळंबी उचलायची, गाव आणि पथ्य तिथेच ठेवून यायचं, आणि वर त्या बाईचं नाव पुढे करायचं, हे मला सहन होत नाही. जिथे गाव नाही तिथे गावाच्या जागी काहीतरी उभं करावं लागतं. त्यालाच आम्ही नोंदणी, परवाना आणि चौकशी समिती म्हणतो. ते रूक्ष वाटतं, पण दुसरं काही आपल्याकडे नाही.

पत्रातला सगळ्यात जोरकस मुद्दा अत्याचारांचा आहे, आणि तिथे भाचीचं म्हणणं अर्धं खरं आहे. कॅनडात एमडीएमएच्या चाचणीत २०१५ च्या सुमारास एका स्त्रीवर उपचार झाले. उपचार करणारं जोडपं पतिपत्नी होतं. चित्रफितीत ते दोघं तिला बिछान्यात धरून, कवटाळून पडलेले दिसतात, ती विव्हळत असताना तिला दाबून धरलेलं दिसतं. पुढे त्या पुरुषाचे तिच्याशी शरीरसंबंध आले. ते झाले हे त्याने नाकारलं नाही, संमतीने झाले असं सांगितलं. पण तपशील नीट बघावा. जोडप्यातली बाई मनोविकारतज्ज्ञ होती, पुरुषाकडे तिथला परवाना नव्हता, आणि त्या चाचणीच्या नियमाप्रमाणे दोघांतल्या एकाकडेच तो असला तरी चालत होतं. म्हणजे बाईविरुद्ध तक्रार घेऊन जायला वैद्यकीय परिषद होती. पुरुषाविरुद्ध तसं कुठलंच दार नव्हतं. दिवाणी कोर्टात स्वतः लढायचं, स्वतःच्या खर्चाने.

पदवी माणसाला सज्जन करत नाही, हे मला कुणी शिकवायला नको. माझ्या व्यवसायातली काही माणसं मी जवळून पाहिलीत. अमेरिकन नट मॅथ्यू पेरी ऑक्टोबर २०२३ मध्ये केटामिनने गेला, त्यातही डॉक्टर होते. पैशांसाठी पुरवठा करणारे. पण त्या दिवशी सुई टोचली ती वैद्यकीय शिक्षण नसलेल्या मदतनिसाने, आणि ते डॉक्टर न्यायालयात उभे राहिले, गुन्हा कबूल केला. परवान्याची किंमत त्यात आहे. तो काढून घेता येतो. ज्याच्याकडे गमावण्यासारखं काही नाही, त्याच्या हाती अर्धा दिवस स्वतःचा बचाव करू न शकणारा माणूस द्यायचा, ही जोखीम मला नको आहे.

ओरेगॉनचा परवाना काढून घेता येतोच की, असं भाची म्हणेल. येतो. आणि तिथल्या नियमांत चांगल्या गोष्टीही आहेत. स्पर्शाची लेखी संमती आधी घ्यावी लागते, आणि तोही मिठी किंवा हात, पाय, खांदे एवढ्यापुरताच. हा नियम मी आपल्याकडे उद्या लागू करीन. पण तिथल्या फॅसिलिटेटरला निदान करायला आणि उपचार करायला मनाई आहे. कायद्याच्या भाषेत तो उपचार नव्हेच, ‘सेवा’ आहे. मग तिथे येतात कोण? नैराश्याने थकलेली, व्यसनातून बाहेर पडू पाहणारी, कॅन्सरचं निदान झालेली माणसं. उपचाराच्या आशेने आलेल्या माणसापुढे, उपचार करायची परवानगी नसलेला आणि ते न शिकलेला माणूस बसवायचा, हा त्या कायद्यातला दोष आहे आणि तो तासांची संख्या वाढवून जाणार नाही.

निवडीचा प्रश्न याहून गंभीर आहे. सायलोसायबिनच्या चाचण्यांत ज्यांना, किंवा ज्यांच्या जवळच्या नात्यात कुणाला, स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर आहे अशांना वगळतात, कारण त्यांच्यात हे द्रव्य आजार पेटवू शकतं. लिथियम घेणाऱ्याला झटके येऊ शकतात, म्हणून ओरेगॉनचा नियमही गेल्या तीस दिवसांत लिथियम घेतलेल्याला आत घेत नाही. पण ही माहिती मिळते कुठून? येणाऱ्याने स्वतः भरलेल्या फॉर्मवरून.

आपल्या घरांत हा फॉर्म कसा भरला जाईल, मला ठाऊक आहे. ‘कुटुंबात कुणाला मानसिक आजार?’ यावर गेल्या सव्वीस वर्षांत मला पहिल्या भेटीत जवळपास नेहमी एकच उत्तर मिळालंय: “छे, आमच्याकडे तसलं काही नाही.” दुसऱ्या भेटीत कळतं, काका जरा विक्षिप्त होते. तिसऱ्या भेटीत आई दारापर्यंत जाते, पर्स खांद्यावर लावते आणि मग वळून म्हणते, “माझ्या भावाला बाहेरचं झालं होतं म्हणायचे. गाणगापूरला ठेवला होता वर्षभर.” त्या एका वाक्यासाठी मी तीन भेटी थांबलेली असते. बीव्हरटन-हिल्सबरोकडे मराठी कुटुंबं कितीतरी आहेत. त्यांच्यातलं कुणी उद्या भाचीच्या केंद्रात आलं, तर त्या रकान्यात ‘नाही’ लिहील आणि ते खोटं बोलत नसेल. ‘बाहेरचं’ हा त्यांच्या लेखी आजार नाहीच. आणि त्यातलं कुणी अजून अमेरिकेचं नागरिक नसेल तर आणखी एक गोष्ट त्यांना कुणीतरी सांगायला हवी: राज्याने परवानगी दिली तरी केंद्र सरकारच्या कायद्यात हे द्रव्य अजून पहिल्या, सगळ्यात कडक यादीत आहे, आणि व्हिसाचे प्रश्न केंद्राच्या हातात असतात.

‘अळंबीच काम करते’ याबद्दल एकाच पाहणीचे आकडे देते. जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी २०१६ मध्ये अळंबी घेऊन वाईट अनुभव आलेल्या १,९९३ जणांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यातल्या ३९ टक्क्यांनी तो आयुष्यातल्या पाच सर्वांत कठीण प्रसंगांपैकी एक मानला आणि ११ टक्क्यांनी स्वतःला किंवा दुसऱ्याला शारीरिक इजेच्या धोक्यात घातलं. हे प्रयोगशाळेतले लोक नव्हेत, आणि वाईट अनुभव आलेल्यांनाच विचारलं होतं, हे मान्य. प्रयोगशाळेत असं फार कमी घडतं. का कमी घडतं? आधीच्या गाळणीमुळे आणि शेजारी बसणाऱ्या प्रशिक्षित माणसांमुळे. म्हणजे ज्याचं श्रेय भाची अळंबीला देते, त्यातला मोठा वाटा त्या खुर्चीवरच्या माणसाचा आहे.

अमेरिकेच्या औषध प्रशासनाची अडचणही हीच झाली. ऑगस्ट २०२४ मध्ये त्यांनी आघातोत्तर ताणासाठी एमडीएमए मंजूर करायला नकार दिला, आणखी एक चाचणी करा म्हणाले. त्याआधी जूनमध्ये सल्लागार समितीने फायदा धोक्याहून जास्त आहे का, यावर १० विरुद्ध १ असं ‘नाही’ म्हटलं होतं. हे प्रशासन औषध तपासतं; मानसोपचार त्यांच्या कक्षेत येत नाही. आणि इथे तर औषध आणि माणूस वेगळे काढताच येत नाहीत. ऑगस्टमध्येच ‘सायकोफार्माकॉलॉजी’ नियतकालिकाने एमडीएमएवरचे तीन शोधनिबंध मागे घेतले, कारण एका केंद्रावर रुग्णाशी झालेलं अनैतिक वर्तन लेखकांना माहीत असून त्यांनी कळवलं नव्हतं. त्या औषधाची खरोखर ज्यांना गरज होती अशा माणसांची वाट त्यामुळे लांबली, आणि याचं मला दुःख आहे. मी या उपचारांची वैरी नाही. केटामिननंतर चौथ्या दिवशी दोन वर्षांत प्रथम स्वतः चहा करून प्यायलेली बाई मी पाहिलीय.

स्वस्ताईचा मुद्दा तर ओरेगॉननेच खोडून काढलाय. अट सैल केली की दर उतरेल आणि गरिबाला परवडेल, असं म्हणत होते. फॅसिलिटेटरच्या परवान्याची वर्षाची फी २,००० डॉलर, केंद्राची १०,००० डॉलर. एका सेशनला हजार डॉलरच्या वर सहज जातात. विमा देत नाही. शिक्षणाची अट सैल ठेवली, आणि किंमत मात्र तिथेच राहिली.

‘ज्याने स्वतः घेतलं नाही त्याला काय कळणार’ असंही भाची लिहिते. आपल्याकडे वांझेला प्रसूतीच्या वेणा काय कळणार अशी एक म्हण आहे. मला ती कधीच आवडली नाही. क्रूर आहे आणि खोटीही. मूल नसलेल्या कितीतरी सुईणींनी गावंच्या गावं सुखरूप बाळंत केली. उलट मला भीती दुसरी वाटते. ज्याचं स्वतःचं आयुष्य या अनुभवाने पालटलं, तो समोरच्याच्या किंचाळण्यातही मुक्ती शोधतो. “घाबरू नकोस, यातूनच जायचं असतं” म्हणतो. कधीकधी ते खरं असतं. कधीकधी तो माणूस वेडाच्या काठावर असतो आणि त्याला ताबडतोब इमर्जन्सीत न्यायचं असतं. यातलं कुठलं, ते ओळखायला स्वतःची ट्रिप कामाला येत नाही. वेडाच्या काठावरची माणसं वॉर्डात पाहिलेली असावी लागतात, बरीच.

मग माझ्या मते बसावं कुणी? फक्त मनोविकारतज्ज्ञांनी, असं मी म्हणत नाही. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२३ पासून तो मार्ग घेतला: एमडीएमए आणि सायलोसायबिन, ठरावीक आजारांसाठी, खास अधिकार दिलेल्या मनोविकारतज्ज्ञांनीच लिहून द्यायचं. औषध लिहायला ते ठीक आहे. पण आपल्याकडे लाखामागे एक मनोविकारतज्ज्ञही नाही. तो सहा तास एका खोलीत बसणार कधी? आणि एम.डी. होताना त्याने तरी इतका वेळ गप्प बसायचं कुठे शिकलेलं असतं? मी म्हणते, गाळणी मनोविकारतज्ज्ञाने लावावी. खोलीत दोन माणसं असावीत, दोन्ही नोंदणीकृत: क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, सायकिअॅट्रिक सोशल वर्कर, मानसिक आरोग्याचं प्रशिक्षण घेतलेली नर्स. गंभीर आजारी माणसांसोबत किमान दोन-तीन वर्षांचं काम आधी, या द्रव्यांचा अभ्यास त्यावर. प्रत्येक सेशनचं चित्रीकरण, आणि ते बघणारं तिसरं माणूस. पतिपत्नीची जोडी नको.

हे जड आहे, म्हणतील. मनोरुग्णांना विजेचा शॉक देण्याबद्दलही असंच म्हणत होते. भूल न देता, स्नायू सैल न करता, चार माणसांनी धरून शॉक दिले जायचे तेव्हाही ‘इतके भूलतज्ज्ञ कुठून आणायचे’ हेच उत्तर असायचं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या ९५ व्या कलमाने तसं करणं बंदच केलं. भूलतज्ज्ञ मिळत नसेल तर शॉक द्यायचा नाही. मी अशा खोलीत उभी राहिलेय. भूलतज्ज्ञाची दोन बोटं रुग्णाच्या जबड्याखाली असतात, श्वास पुन्हा लागेपर्यंत तो ती काढत नाही, आणि त्या मिनिटात त्याला कुणी काही विचारत नाही. अट कायद्यात आली, आणि माणसंही तयार झाली.

केटामिनला आपल्याकडे हे काहीच नाही. औषध लिहायला डॉक्टर लागतो, बस. शेजारी कोण बसेल, काय बोलेल, नंतर कोण भेटेल, यावर कायद्यात एक ओळ नाही. ‘समुपदेशक’ अशी पाटी लावायला आजही फारसं कुणी अडवत नाही, त्यामुळे उद्या ‘सायकेडेलिक समुपदेशक’ अशी पाटीही लागेल. लोकांचं नुकसान झाल्यावर नियम करण्यापेक्षा आत्ता, उपचार मोजक्या ठिकाणी चाललेत तोवर, ते करावेत अशी माझी मागणी आहे.

भाचीला मी एवढंच विचारलंय. त्या बँकेतल्या गृहस्थांच्या मुलाने मला तिसऱ्या रात्री सव्वादोन वाजता फोन केला होता. बाबा विहिरीकडे चाललोय म्हणतात, कुठली विहीर, इथे विहीर नाही. मी उठून मनोविकारतज्ज्ञांना फोन लावला, त्यांनी वॉर्डात खाट ठेवायला सांगितली, आणि पहाटे चारला ते दाखल होते. तुझ्या केंद्रातून कुणी सकाळी अळंबी घेऊन घरी गेला आणि तिसऱ्या रात्री त्याच्या मुलाने तुला असा फोन केला, तर तू पुढचा फोन कुणाला लावशील? त्याचं नाव मला कळव.